हरलेल्यानं सांगायचं

आईची खालची कवळी तोंडात बसत नव्हती. बोलताना उचलली जायची, भाकरी चावताना हिरडीला रुतायची, आणि शेवटी आई ती पाण्याच्या वाटीत ठेवून तशीच जेवायला लागली. डॉक्टरांकडे बऱ्याच खेपा झाल्यावर त्यांनीच सांगितलं, की कवळी बनवणाऱ्याकडे थेट जा, तो समोर बसवून घासून देईल. म्हणून मी आईला रिक्षात बसवून सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटातल्या एका गल्लीत घेऊन गेले.

खालच्या खोलीत एक पन्नाशीचे गृहस्थ स्पिरिटच्या दिव्यावर मेणाची सुरी तापवत बसले होते. त्यांनी आईला कवळी घालायला लावली आणि तिचं गाव विचारलं. आमचं गाव मैंदर्गी. आई बोलायला लागली की अर्धं मराठी आणि अर्धं कन्नड. ते तिच्या ओठांकडे बघत होते. कुठल्या शब्दाला कवळी उचलते ते त्यांना पाहायचं होतं. पण आई विहिरीत पडलेल्या म्हशीची गोष्ट सांगू लागली तशी त्यांच्या हातातली सुरी गार होऊन गेली, तरी ते नुसते ऐकतच बसले. म्हैस निघाली की नाही, हे कळल्यावरच त्यांनी कवळी घासायला घेतली.

तोवर माझं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकीच्या कट्ट्यावर पिवळ्या प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेले होते आणि त्यांच्या शेजारी, बोटाच्या पेराएवढे, गुलाबी रंगाचे सैनिक. भाले घेतलेले, ढाली घेतलेले, एक तर डोक्यावर गाठोडं घेऊन निघालेला. कवळीच्या हिरड्यांचं मटेरियल उरतं आणि ते टाकवत नाही, असं त्यांनी जरा लाजत सांगितलं. मग मला वर नेलं.

वरच्या खोलीत पूर्वी त्यांच्या वडिलांचे माग होते. माग विकून बरीच वर्षं झाली होती, पण फरशीत लोखंडी बोल्ट तसेच होते आणि भिंतींना तेलाचा वास होता. मधोमध प्लायवूडचं मोठं टेबल, आणि टेबलावर एक मुलूख पसरला होता. जवळच्या कारखान्यातले डागी टॉवेल चहाच्या पाण्यात उकळून त्यांनी त्याची माळरानं केली होती. टॉवेलखाली थर्माकोलचे डोंगर, कडब्याच्या काड्यांची कुंपणं, काचेच्या तुकड्यांची नदी. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. माझ्या तोंडून निघून गेलं, की ही नदी चढाला वाहतेय. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, रविवारी या आणि नीट करून द्या.

मी गेले. नदी नीट केली. आणि मग पुढची काही वर्षं माझे रविवार त्या खोलीत गेले.

मी त्यांना दादा म्हणायला लागले आणि त्यांच्या बायकोला वहिनी. दादांना या खेळाचं वेड करोनाच्या टाळेबंदीत लागलं होतं. खालची कवळ्यांची लॅब बंद, हातात मोबाईल, आणि परदेशातली माणसं छोट्या छोट्या पुतळ्यांच्या फौजा मांडून लढाया खेळतात ते त्यांनी पाहिलं. खेळ तसा सोपा आहे. ज्याची पाळी तो आपली माणसं टेपनं मोजून पुढे सरकवतो. समोरासमोर आली की फासे टाकून कोण पडलं ते ठरतं. पण दादांना एका लढाईत रस नव्हता. त्यांना मोहीम हवी होती. एका लढाईत जे झालं ते दुसऱ्या लढाईत खरं धरायचं. गाव जळलं तर जळलेलंच राहणार, पूल पडला तर पुढच्या वेळी नदी वळसा घालूनच ओलांडायची. महिनोन् महिने चालणारी एकच गोष्ट.

तिसरा भिडू कुर्डुवाडीचा होता. रेल्वेत नोकरीला, आमच्याहून बराच तरुण. त्याच्या वडिलांची कवळी दादांनीच केली होती. तो दर रविवारी गाडीनं यायचा, येताना कुर्डुवाडी स्टेशनवरचे वडे आणायचा. घर मोडनिंबच्या बाजूचं, शेतीचं. त्याला आम्ही कुर्डुवाडीवालाच म्हणायचो आणि तो मला मॅडम.

मुलूख दादांनी कल्पनेतला ठेवला होता. खऱ्या इतिहासातलं एकही नाव घ्यायचं नाही, हा घरचा पहिला नियम. नाहीतर टेबलावरचं भांडण गल्लीत जाईल, असं ते म्हणायचे. वरच्या अंगाला ओलं राज्य, नदी आणि तळी असलेलं. ते माझं. खालच्या अंगाला कोरडं राज्य, ते दादांनी स्वतःकडे घेतलं. मधली वाट, घाट आणि तराफे कुर्डुवाडीवाल्याकडे. त्याची माणसं दोन्हीकडून जकात घ्यायची आणि कुणाच्याच बाजूची नसायची.

इंटरनेटवरचे नियम आम्हाला जड गेले, म्हणून हळूहळू आमचे आम्ही केले. उभं पीक जाळायचं नाही, हा नियम कुर्डुवाडीवाल्यानं आणला आणि त्यावर तो अजिबात मागे हटला नाही. फासा टेबलावरून पडला तर तो मोजायचा नाही. प्रत्येक शिपायाला गाव द्यायचं; तो पडला की त्याला लगेच खोक्यात टाकायचं नाही, आधी नकाशावर त्याच्या गावावर नेऊन ठेवायचं आणि एक पाळी तिथं राहू द्यायचं. हा नियम दादांचा. आणि यातलं काही लिहून ठेवायचं नाही, हाही दादांचाच. लिहिलं की वाद होतो, म्हणायचे. जे तिघांनाही आठवतं तोच नियम.

पण सगळ्यांत मोठा नियम वेगळा होता. लढाई संपली की काय झालं ते हरलेल्यानं सांगायचं. जिंकणाऱ्याला गाव मिळतं, किल्ला मिळतो, गोष्ट हरणाऱ्याची. तो सांगेल ते खरं, जिंकणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. आणि पुढची लढाई त्या गोष्टीपासून सुरू करायची.

कुर्डुवाडीवाला पहिल्यांदा हरला तेव्हा त्याची गोष्ट "हारलो. लई मेली. संपलं" एवढ्यात आटोपली होती. दादांनी त्याला हसून सोडलं नाही. मेलेल्यांपैकी एक पुतळा त्याच्या हातात दिला आणि हा सकाळी काय खाऊन निघाला होता, एवढंच विचारलं. त्या दिवशी कुर्डुवाडीवाल्यानं थांबत थांबत त्या शिपायाची न्याहारी सांगितली. शिळी भाकरी, तेल-चटणी, आणि आईनं दिलेला कांदा जो त्यानं दुपारसाठी राखून ठेवला होता. दुपार त्याला दिसली नाही.

दादा स्वतः हरले की मात्र खोलीचा नूर बदलायचा. ते खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसायचे, चष्मा काढून मांडीवर ठेवायचे आणि सुरू करायचे. घरात ते तेलुगू बोलायचे, आजूबाजूच्या सगळ्या विणकर घरांसारखेच. मराठी त्यांनी शाळेत आणि धंद्यात कमावलेली. पण काय मराठी होती ती. मी वर्गात इतकी वर्षं बोलतेय, मला कधी तशी साधली नाही. एकदा ओल्या राज्यानं, म्हणजे मी, त्यांचं घाटाखालचं ठाणं घेतलं होतं. त्यांनी लढाईबद्दल एक शब्द सांगितला नाही. ठाण्यातला एक स्वयंपाकी पळताना चुलीवरचा भात उतरवायला परत वळला, कारण जिंकून येणारेही उपाशीच असणार, एवढंच सांगितलं. त्यानंतर त्या ठाण्यात माझी माणसं ठेवताना मला कसंतरीच व्हायचं. जिंकून मला काही मिळालंय असं वाटायचं नाही.

वहिनी वर फारशा थांबत नसत. खाली उंबऱ्याशी बसून त्या विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं. चहा घेऊन आल्या की टेबलाकडे बघायच्या आणि तेलुगूत नवऱ्याला काहीतरी म्हणायच्या. दादा ते आम्हाला मराठीत सांगायचे, की पोरं मोठी झाली आणि आता यांचा बाप लहान झाला, असं म्हणतेय. वहिनींची मुलगी भिवंडीला दिलेली, मुलगा हैदराबादला.

मग एका वर्षी उन्हाळा संपत आला होता. वहिनींचा सकाळीच फोन आला. त्यांचं मराठी एरवी चांगलं होतं, पण त्या वेळी मला फक्त "पडले" आणि "बोलत नाहीत" एवढंच कळलं. दादा लॅबमध्ये एका कवळीत दात बसवत होते. समोरचे वरचे दात बसवून झाले होते, आणि मग हातातला चिमटा गळाला. उजवी बाजू गेली. दवाखान्यात मी पोचले तेव्हा ते पलंगावर शुद्धीत होते, डोळे माझ्यावर होते, आणि त्यांना काहीतरी सांगायचं होतं. तोंड हलत होतं. आवाज येत होता, शब्द येत नव्हता. त्यांना स्वतःलाच ते ऐकू येऊन ते थांबले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

पाय बराचसा परत आला. हाताची बोटं आली नाहीत. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी समजावून सांगितलं, की त्यांना सगळं कळतं, बुद्धीला काही झालेलं नाही, फक्त शब्दापर्यंत जायची वाट तुटलीय. काही जणांची लहानपणीची भाषा आधी परत येते, काहींची येत नाही. दादांची आली. नीळ्ळु म्हणजे पाणी. लेदु म्हणजे नाही. मग बायकोचं नाव, मग आईला मारायची हाक. तेलुगूचे असे सुटे सुटे शब्द पावसाळाभर येत राहिले. मराठी आली नाही. मी आणि कुर्डुवाडीवाला समोर बसलो की ते आमच्याकडे बघायचे, आणि इतक्या वर्षांचं आमचं सगळं बोलणं ज्या भाषेत झालं होतं तिच्यातलं एक अक्षर त्यांना सापडायचं नाही. मला कन्नड येतं, तेलुगू येत नाही. कुर्डुवाडीवाल्याला दोन्ही नाही. वहिनी मध्ये बसून सांगायच्या.

गणपती झाल्यावर वहिनींनीच विचारलं, की रविवारी यांना वर नेऊ का, दिवसभर जिन्याकडे बघत बसतात. आम्ही दोघांनी धरून त्यांना वर नेलं. टेबलावर धूळ बसली होती, पण मोहीम जिथं थांबली होती तिथंच उभी होती. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी डाव्या हातानं एक भालेवाला उचलून पुढे ठेवला. टेप कुर्डुवाडीवाल्यानं धरला. त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसले.

आणि मग प्रश्न आला, की हरले तर काय. त्यांना सांगावं लागणार. हे आम्ही बोललो ते स्टेशनवर. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले होते. कुर्डुवाडीवाला म्हणाला, तो नियमच काढून टाकू. पण नियम काढायचा तर तिघांनी मिळून काढायला हवा, म्हणजे दादांना तसं सांगायला हवं, आणि ते सांगायला दोघांचीही तयारी नव्हती. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, त्यांना हारूच द्यायचं न्हाय. हाय काय त्यात."

तसं केलं. मुद्दाम हरणं वाटतं तितकं सोपं नाही. समोरच्याला खेळ येत असेल तर फारच अवघड. आम्ही आमचे घोडेस्वार उशिरा आणायचो. चांगली टेकडी सोडून ओढ्यात उतरायचो. दादा जिंकत गेले. त्यांचं कोरडं राज्य नदीपर्यंत आलं, घाटाखालचं ठाणं त्यांना परत मिळालं. दर लढाईनंतर गोष्ट मी नाहीतर कुर्डुवाडीवाला सांगायचो. दादा ऐकायचे. सुरुवातीला डोळे मिटून, मग डोळे उघडे ठेवून, आणि दिवाळीच्या सुमाराला ते आमच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागले. आम्हाला वाटलं, थकतात.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी कुर्डुवाडीवाल्यानं त्यांना नदीच्या उतारावर, पायी ओलांडायच्या जागी, गाठलं होतं. मुद्दाम नव्हे, फासेच तसे पडत गेले. दादांचा सेनापती उतारापाशी, मागे थोडी माणसं, आणि कुर्डुवाडीवाल्याचे घोडेस्वार मोकळे. एका चालीत ते मागून वेढा घालू शकत होते. कुर्डुवाडीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि घोडेस्वारांना हात न लावता एक तराफा इकडचा तिकडे केला.

दादांनी डावा हात टेबलावर सपाट ठेवला आणि म्हणाले, "चालु."

कुर्डुवाडीवाल्याचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांनी मराठी शब्द आला होता. तो म्हणाला, "व्हय दादा, चालूच हाय की. तुमचीच पाळी."

"चालु," दादा परत म्हणाले. आवाज चढला होता. मी फासे त्यांच्या हाताजवळ सरकवले. त्यांनी ते डाव्या हातानं असे झटकले की ते भिंतीवर आपटून फरशीवर गेले. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथंच थांबल्या. नवऱ्याकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"ते चालू म्हणत नाहीत वो," त्या म्हणाल्या. "आमच्यात चालु म्हणजे पुरे. पुरे करा म्हणालेत ते तुम्हाला."

कन्नडमध्ये आम्ही साकु म्हणतो. ताटात वाढताना, पाणी ओतताना, माझी आई दिवसातून कितीदा तरी म्हणते. त्यालाच त्यांच्या घरात चालु म्हणत होते, आणि इतकी वर्षं त्या गल्लीत येऊन मला तो ठाऊक नव्हता.

दादांनी हात लांब केला. कुर्डुवाडीवाल्याचे घोडेस्वार एकेक करून उचलले आणि ते जिथं जायला हवे होते तिथं, आपल्याच सेनापतीच्या पाठीमागे, नीट मांडले. मग त्याच्याकडे बघून फरशीवरच्या फाशांकडे मान हलवली. कुर्डुवाडीवाल्यानं फासे उचलून आणले. टाकले, आणि या वेळी नीट खेळला. मीही मध्ये पडले नाही. दादांनी कसून लढाई दिली, डाव्या हातानं, एकेक माणूस वाचवत. पण वेढा पुरा होता. थोड्या वेळात ते हरले.

ते उठले. मी धरायला गेले तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. भिंतीच्या आधारानं खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत गेले, बसले, चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. या खोलीत गोष्टीला त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

"नीळ्ळु लेवु," दादा म्हणाले.

"पाणी नाही," वहिनी म्हणाल्या.

हे मी जसं लिहितेय तसं ते सलग नव्हतं. एका शब्दासाठी ते इतका वेळ थांबायचे की खालच्या गल्लीतल्या मागांचा आवाज मोठा वाटायला लागायचा. कधी चुकीचा शब्द यायचा, ते मान हलवून तो पुसून टाकायचे आणि परत शोधायचे. वहिनी घाई करत नव्हत्या. कळलं नाही तर त्या तेलुगूत हळूच विचारायच्या, आणि खात्री झाल्यावरच आमच्याकडे वळायच्या. माणसं नदीत उभी होती तरी पाणी नव्हतं, असं काहीतरी होतं ते. नदी आटली होती की प्यायला सवड नव्हती, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

मग ते म्हणाले, "माट लेदु," आणि स्वतःच्या गळ्याला हात लावला.

वहिनी गप्प झाल्या. दादांनी त्यांच्या खांद्यावर बोटानं टकटक केलं. सांग.

"शब्द नाही," वहिनी म्हणाल्या. "सेनापतीनं हाक मारली. पण शब्द आला नाही." त्यांनी पदर तोंडाला लावला, परत काढला. दादा आणखी काहीतरी म्हणाले, हातानं दाखवलं, परत म्हणाले. "त्याची माणसं उभीच राहिली. त्यांना वाटलं, थांबा म्हणतोय. तो जा म्हणत होता."

दादांनी डावा हात नकाशाकडे केला. "इंटिकि," म्हणाले. घरी, हे कळायला वहिनींच्या भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी बोटानं कोरड्या राज्यातलं एक गाव दाखवलं, मग टेबलावरचा एक शिपाई दाखवला. मी उठले आणि तो शिपाई त्या गावावर नेऊन ठेवला. मग दुसरा. मेलेल्यांनाच गावी न्यायचं, असा नियम होता. हे जिवंत होते. पण हरलेला सांगेल ते खरं. कुठला शिपाई कुठल्या गावचा, हे त्यांना एकूण एक आठवत होतं. मला माझे निम्मेही आठवले नसते. कुर्डुवाडीवाला आणि मी एकेक माणूस उचलून नेत राहिलो, आणि खिडकीतलं ऊन टेबलाच्या पलीकडच्या कडेला गेलं तेव्हा उतारावर फक्त सेनापती राहिला होता. त्याच्यासाठी दादांनी कुठलंच गाव दाखवलं नाही. त्यांनी चष्मा घालायचा प्रयत्न केला, एका हातानं तो जमेना, तेव्हा वहिनींनी घातला.

चहा गार झाला होता. वहिनी तो परत गरम करायला खाली गेल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. कुर्डुवाडीवाला दादांच्या पायाशी जाऊन बसला. दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

कोरड्या राज्याला आता फौज नव्हती, त्यामुळे मोहीम तिथं संपली. तसं कुणी म्हटलं नाही. पुढचे काही रविवार आम्ही गेलो, वर बसलो, वडे खाल्ले. कुर्डुवाडीवाला रेल्वेतल्या गमती सांगायचा, आणि दादा ऐकायचे. त्यांचा कोंडमारा थोडा कमी झाला होता असं मला वाटायचं. निदान ते आमच्याकडे बघायचे. मी वहिनींकडून तेलुगूचे शब्द शिकायला लागले होते. माझे उच्चार ऐकून ते दोघं हसायचे.

संक्रांतीच्या आधी त्यांना दुसरा झटका आला. या वेळी दवाखान्यापर्यंत पोचताही आलं नाही. मी गेले तेव्हा खालच्या खोलीत, लॅबचं टेबल भिंतीला सरकवून, त्यांना ठेवलं होतं. सगळं घर तेलुगूत रडत होतं. मला त्यातला एखादा शब्द कळायचा आणि तेवढाच फार व्हायचा. कुर्डुवाडीवाला ड्यूटीवर होता, तो संध्याकाळी थेट स्मशानात आला, रेल्वेच्या कपड्यांतच.

महिना-दीड महिन्यानं वहिनींनी बोलावलं. त्या मुलीकडे भिवंडीला जाणार होत्या. वरची खोली शाळेचे गणवेश शिवणाऱ्याला भाड्यानं दिली होती, त्याला शिलाई मशिनी लावायच्या होत्या. आम्ही टेबल रिकामं केलं. टॉवेल धुवून वहिनींनी पुसायला घेतले. पुतळ्यांचं काय करायचं, ते त्यांनी आम्हालाच ठरवायला सांगितलं, आणि आम्हाला ते ठरवता येईना. निम्मे कुर्डुवाडीवाला घेऊन गेला, निम्मे माझ्याकडे बुटाच्या खोक्यात कापसात गुंडाळून आहेत. वहिनींनी स्वतःसाठी काही ठेवलं नाही. जाताना त्यांनी जिन्यात माझा हात धरला आणि विचारलं, की आधी वर ते जे सांगायचे, तुम्ही लोक इतके गप्प बसून ऐकायचात, ते काय असायचं? त्यांना खालून नुसता आवाज ऐकू यायचा. मी सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यांत माझ्या लक्षात आलं, की मी गोष्टीतलं काय घडलं तेवढंच सांगतेय. त्यांनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं आणि छान आहे म्हणाल्या.

मध्यंतरी पुण्याला जाताना कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा तो मला भेटायला फलाटावर आला होता. मी आधी फोन केला होता. जरा जाड झाला होता, लग्न ठरलंय म्हणाला. आम्ही चहा घेतला. आईचं कसं चाललंय, कॉलेजचं काय, असं सगळं विचारून झालं. सिग्नल पडला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, परत मांडायचा का डाव? माज्याकडं जागा हाय."

मी म्हटलं, बघू या. तो खिडकीबरोबर थोडा चालत आला, मग थांबला. तेव्हापासून सणावाराला आमचे फोन होतात. डावाचं त्यानं परत काढलं नाही आणि मीही काढलेलं नाही.